तीन वस्तूंचा रस्ता

कर्वेनगरातल्या त्या रस्त्यावर आता तीनच वस्तू उरल्या होत्या: एक कडुनिंब, घड्याळाच्या दुकानाचं निळं शटर आणि पाण्याची टाकी. टाकी मागे पडली की पुन्हा तोच कडुनिंब येत असे. विद्याधर नाबरने त्या तिन्ही वस्तू सहाव्यांदा ओलांडल्या तेव्हा पावणेतीन वाजले होते. घड्याळ मात्र बिनचूक पुढे जात होतं.

त्याला शाल्मलीकडे पोचायचं होतं. शाल्मली त्याची एकुलती एक मुलगी. ती आईबरोबर याच रस्त्याच्या टोकाला राहायची आणि आज चार वाजता टॅक्सीने विमानतळावर जाणार होती. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. "यायचं असेल तर चारच्या आत ये बाबा," एवढंच ती म्हणाली होती. स्टुडिओपासून तिचं घर चालत पंधरा मिनिटांवर. विद्याधर दोनलाच निघाला होता, आणि वेळेआधी निघायची त्याची ही आयुष्यातली पहिलीच खेप होती.

सव्वीस वर्षं तो मुलांसाठी टीव्हीवरच्या कार्टून मालिका काढत होता. चित्रं काढणारे वेगळे. विद्याधर कामं वाटायचा, कापायचा, वेळेत चॅनेलला पोचवायचा. त्याचा भिरकू नावाचा मुंगूस नऊ वर्षं घराघरांत धावला. सुरुवातीला भिरकूच्या मागचा रस्ता मोहिते मास्तर रंगवत. लांबच्या लांब पट्टी असे, तिच्यात न्हाव्याचा आरसा, वाळत घातलेल्या कुरडया, उंबऱ्यावर रुसून बसलेली पोरं, सगळी दुनिया. एका पट्टीला मास्तर आठ दिवस घेत.

"मुलं धावणाऱ्याकडे बघतात, मास्तर," विद्याधर एकदा म्हणाला. "मागं कोण बघतंय? तीन वस्तू काढा आणि शेवट सुरुवातीला जोडा. तेच फिरवत राहू."

"पण मग तो कुठं पोचायचा?" मास्तरांनी विचारलं.

"पोचायचं कशाला? धावायचंय त्याला."

मास्तरांनी ब्रश धुऊन ठेवले आणि ते गावी गेले. तेव्हापासून विद्याधरच्या सगळ्या मालिकांत तीन वस्तूंचे रस्ते आले. काम झपाट्याने होऊ लागलं, माणूस नावारूपाला आला. मुलीच्या शाळेच्या एकाही स्नेहसंमेलनाला मात्र तो पोचला नाही. चांगल्या कामाला वेळ लागतो, असं तो बायकोला सांगायचा; आणि कामातला वेळ तर त्याने स्वतःच कापून टाकला होता.

आठव्या फेरीला त्याने कडुनिंब आणि शटर यांच्या मधून गल्लीत शिरायचं ठरवलं. तिथे गल्ली नव्हती. नुसता मातकट रंग होता, आणि हात लावला तर बोटांना ओला लागला. त्याने उलटं चालून पाहिलं. टाकी, शटर, कडुनिंब आले आणि त्यांच्यामागून पुन्हा टाकी आली. कडुनिंबाच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बोलताना त्यांचं तेवढं तोंड हलायचं, बाकी काही नाही.

"पुढे काय आहे हो?" विद्याधरने विचारलं.

"मला काय ठाऊक? मला इथंच बसवलंय," ते म्हणाले.

त्याने खिशातून फोन काढून स्टुडिओत लावला. तेजल कोंढाळकर त्याची सहायक. गेली सात वर्षं त्याचा एकही शब्द तिने खाली पडू दिला नव्हता.

"तेजल, हा रस्ता कुणी काढलाय?"

"तुम्हीच मंजूर केलात सर. मंगळवारी. सही आहे तुमची."

"मी बघितला होता?"

"नाही सर. नेहमीचंच ना, म्हणालात आणि सही केलीत."

विद्याधरने कपाळाला हात लावला. ते खरं होतं. पंधरा वर्षांत त्याने एकही पट्टी उलगडून पाहिली नव्हती.

"लांब कर मग. पुढे एक घर घाल. दुमजली, पिवळं."

"चॅनेलकडे गेला सर. आता वाढवता येणार नाही. फक्त कमी करता येईल."

साडेतीनला शाल्मलीचा फोन आला. "बाबा, कुठवर आलास?"

"टाकीपाशी."

"टाकी तर इथून दिसते."

"हो."

"मग ये ना. नसेल जमत तर तसं सांग. मला सवय आहे."

"येतोय गं," तो म्हणाला, आणि धावायला लागला. छपन्नाव्या वर्षी, इस्त्रीच्या शर्टात, जीव खाऊन धावला. रस्ताही तेवढ्याच वेगाने मागे धावू लागला. कडुनिंबावर आता एक माकड आलं होतं. झाड फार ओकंबोकं दिसतंय असं चॅनेलच्या बाईंचं म्हणणं पडलं होतं, असं तेजलने मेसेज करून कळवलं.

चार वाजता टॅक्सी आली. पट्टीवर तीनच वस्तू मावतात, म्हणून तिच्यासाठी शटर काढावं लागलं. टॅक्सी समोरून आली आणि विद्याधरच्या हातभर अंतरावरून गेली. मागच्या सीटवर शाल्मली नाकासमोर बघत बसली होती. त्याने हात वर केला तोवर ती गेलीसुद्धा. संपलं, असं त्याला वाटलं.

मग कडुनिंब आला, टाकी आली, आणि टॅक्सी पुन्हा आली.

खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत मुलगी त्याला इतक्यांदा भेटली नव्हती. दर फेरीला त्याला तिचं काहीतरी नवं दिसे. तिच्या कपाळाशी एक पांढरा केस होता. ती खालचा ओठ दातांत धरून बसली होती, त्याची आई धरायची तसा. मांडीवर जेवणाचा डबा होता, बहुधा तिच्या आईने दिलेला. टॅक्सीच्या नवव्या फेरीला त्याच्या लक्षात आलं की तिची मान जराशी वळली आहे. दहाव्या फेरीला आणखी जराशी. इतकी हळू, की धंद्यातल्या माणसालाच कळावं. तिच्या एका नजरेला किती चित्रं लागतील ते त्याला अचूक मोजता आलं. आणखी चार फेऱ्या, आणि ती त्याच्याकडे बघणार होती. त्याने धाव सोडली नाही. डोळे वाहत होते, आणि ते पुसायला त्याला वेळ नव्हता.

बाराव्या फेरीला फोन वाजला.

"सर, अजून एक वस्तू कमी करायची आहे. आत्ताच्या आत्ता. काय काढू?"

त्याला धाप लागली होती. डोळे टॅक्सीवर होते. ती टाकीच्या पलीकडून निघालीच होती. आणि तोंडातून, सव्वीस वर्षांत हजारदा निघालं होतं तसंच, निघून गेलं, "मुलं कशाकडे बघणार नाहीत, ते काढ."

"बरं सर. झाडावर माकड आहे, ते ठेवते. टाकी रंगीत आहे." तेजलने कागद चाळल्याचा आवाज आला. "टॅक्सी काढते. आत एक बाई आहे नुसती. हलतसुद्धा नाही, जवळजवळ."

"थांब," विद्याधर म्हणाला. "तेजल, थांब."

"काढली सर."

कडुनिंब आला. माकडाने शेपटी हलवली. टाकी आली, गेली. तिच्यामागून कोऱ्या कागदाचा एक तुकडा आला आणि त्याच्यावरून टॅक्सीचा आवाज गेला, कारण आवाज वेगळ्या विभागाकडे असतो आणि त्यांना कुणी कळवलं नव्हतं. विद्याधर धावत होता. पुढच्या फेरीला तो आवाज त्याच्या अगदी जवळ आला, थोडा मंदावला, आणि टॅक्सीची काच खाली होताना ऐकू आली.