उसवलेला कोपरा

गफ्फारभाईंना बॅग विकणं म्हणजे दुकानदाराची सत्त्वपरीक्षाच. भद्रावतीच्या बाजारात त्यांचं सीट कव्हरचं दुकान. मोटारसायकलच्या सीटा आणि माजरीच्या खाणीत जाणाऱ्या कामगारांच्या टिफिनच्या पिशव्या शिवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. त्यामुळे कुठलीही बॅग हाती आली की हे गृहस्थ आधी ती उलटी करत, आतली शिलाई पाहत आणि मग नाक मुरडत. चंद्रपुरात दोन दिवसांत त्यांनी सात दुकानं नापास केली होती. सातव्या दुकानदाराने तर शेवटी हात जोडले.

बॅग हवी होती लेकीसाठी, निशातसाठी. ती नागपूरला कॉम्प्युटर कंपनीत लागली होती. कंपनीने तिला लॅपटॉप दिला, आणि पोरगी तो टॉवेलात गुंडाळून, कॉलेजच्या जुन्या सॅकमध्ये कोंबून घरी घेऊन आली. ते पाहून बापाचा जीव कळवळला. रविवारी दुपारच्या बसने ती परत जाणार होती. तोवर तिच्या खांद्यावर झकास बॅग आली पाहिजे, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं.

"मी शिवू का?" जाहिदाने, त्यांच्या बायकोने, भीतभीत विचारलं.

गफ्फारभाई हसले. "अव, थे टिफिनची पिशवी नोय. लॅपटॉपची बॅग हाये. तिले स्टाइल पायजे, फिनिशिंग पायजे."

बरं, बोलले तेही प्रेमानेच. रागाने बोलले असते तर तिला भांडता तरी आलं असतं.

अठरा वर्षं रोज संध्याकाळी दुकानातून पिशव्यांचा गठ्ठा घरी येई आणि पट्ट्यांचं, कोपऱ्यांचं हातशिलाईचं काम जाहिदा करी. खाणीतला माणूस पिशवी धपकन खाली टाकतो, आणि ती फाटते कोपऱ्यात. म्हणून ती कापड आतून दुमडून मेण लावलेल्या दोऱ्याने असा टाका घाली की बाहेरून दिसायचा नाही आणि आतून सुटायचा नाही. सकाळी गठ्ठा दुकानात, तिथून गिऱ्हाइकाच्या हातात. साऱ्या जगाच्या बॅगा उलट्या करून पाहणाऱ्या या माणसाने बायकोचं काम मात्र एकदाही उलटं करून पाहिलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय उगाच? जाहिदाला साडी नको होती, दागिना नको होता. त्याने एकदा, फक्त एकदा, तिच्या कामाला 'वा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते मागून घ्यायचं नव्हतं.

शुक्रवारी गफ्फारभाई तिसऱ्यांदा चंद्रपूरला गेले. निशात आंघोळीला गेल्यावर जाहिदाने लॅपटॉपचं माप घेतलं, झोपलेल्या लेकराचं घ्यावं तसं, हळूच. मग चौकातल्या बॅगांच्या दुकानात जाऊन गोपालभाऊंकडून काळं जाड कापड आणि चांगल्यातली चेन आणली. लेक मैत्रिणीकडे आणि नवरा चंद्रपुरात, अशी दिवसभराची सवड होती. घरच्या मशीनवर बॅग उभी राहिली. काळी, सडपातळ, आत मखमली अस्तर. कोपरे अर्थातच हाताने. मग बॅग घेऊन ती परत गोपालभाऊंकडे गेली.

"भाऊ, दुकानात टांगा. पण मायं नाव नका सांगजा."

गोपालभाऊ मिश्कील माणूस. त्यांनी बॅग अगदी दारातच टांगली.

शनिवारी गफ्फारभाई ती हातात घेऊन घरी आले तेव्हा जग जिंकून आल्यासारखे दिसत होते. "पाय, जाहिदा, पाय! असा कोपरा मी जिंदगीत पाह्यला नाई. टाका कुठी हाये तेच समजत नाई. काय हात हाये बुवा! लेबल नाई, पण गोपाल म्हणते एक्सपोर्टचा माल हाये, लेबल कापूनच येते. वा!"

जाहिदाने तव्याकडे तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी तीन पोळ्या करपल्या आणि तिला त्याचं काहीही वाटलं नाही. मिळाला होता तो 'वा'. पण पुरता नाही. त्या 'वा'वर पत्ता दुसऱ्याचाच होता, एवढंच.

इथवर सगळं सुखाने पार पडलं असतं. पण कारागिराला चैन कुठली! रविवारी सकाळी निशात मैत्रिणीचा निरोप घ्यायला गेली आणि गफ्फारभाई ब्लेड घेऊन बॅगेपाशी बसले. तो कोपरा कसा मारलाय ते शिकायचं होतं. चार टाके उसवायचे, पाहायचं आणि परत घालून द्यायचे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! दोरा एकच, सलग. पहिला टाका कापला आणि सगळा कोपरा तोंड वासून मोकळा झाला.

त्यांनी एकदा शिवलं. कोपऱ्याला टेंगूळ आलं. परत उसवलं, परत शिवलं. कापड गोळा झालं. बसला तासभर उरला होता आणि त्यांच्या कपाळावर घाम डबडबला.

"जाहिदा," ते रडवेले होऊन म्हणाले, "मी पोरीची बॅग बिघडवली व."

जाहिदाने बॅग मांडीवर घेतली. क्षणभर थांबली. मग दोऱ्यावरून मेणाचा खडा फिरवला, कापड आत दुमडलं आणि सुई घातली. तिला स्वतःचा हात न्याहाळायची गरजच नव्हती. न्याहाळत होते ते गफ्फारभाई. पाच मिनिटांत कोपरा होता तसा झाला.

गफ्फारभाईंनी बॅग उलटी करून तो कोपरा आतून पाहिला.

"हे बॅग तू शिवली?"

"हो."

"हा टाका कुठी शिकली?"

"इथीच. माजरीच्या टिफिनले अठरा वर्षांपासून असाच मारून राह्यली मी."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कधी उलटं करून पाह्यलंच नाई," जाहिदा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते.

गफ्फारभाई उठले, टोपी घातली आणि निशातचं सामान उचललं. निशात परतताच ते मागे न पाहता स्टँडकडे चालू लागले. जाहिदा मागून चालली होती आणि मनात स्वतःला बोल लावत होती. माणसाचा केवढा आनंद होता, कशाला हिरावला? गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

स्टँडवर गुणवंतराव भेटले, जुने गिऱ्हाईक, खाणीतून निवृत्त झालेले. निशात खिडकीपाशी बसली होती, बॅग मांडीवर.

"गफ्फारभाऊ, पोरीची बॅग भारी हाये जी! कुठून आणली?"

जाहिदाने मान खाली घातली.

"आणली नाई," गफ्फारभाई म्हणाले, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाले की ड्रायव्हरनेही वळून पाहिलं. "निशातच्या अम्मीनं शिवली. तुमची टिफिनची पिशवी कधी फाटली का, गुणवंतराव? नाई ना? थे बी तिच्याच हातची होती. सारा गाव माया हाताले चांगलं म्हणते. हात तिचा हाये. मले अठरा वर्षांनी आज समजलं."

"अम्मी?" निशात खिडकीतून अर्धी बाहेर आली. "तू?"

जाहिदाने ओढणीचा पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्याकडे पाहतच राहिली. बस सुटली तेव्हा लेकीला हात करायचंही ती विसरली.