वाळल्या कुरणातला हिरवा पाट

त्या वर्षी ऑगस्ट उजाडला तरी पावसाचं नाव नव्हतं. लांगेते नदीचे गोटे उघडे पडले होते आणि काठची कुरणं करपून खाकी झाली होती. एके सकाळी गाईंना पाणी पाजून परतताना व्रेनीला टेकाडावरून शेजारच्या नोल्डीच्या कुरणात एक हिरवी रेघ दिसली. नदीपासून थेट रस्त्यापर्यंत, दोरी धरून आखल्यासारखी.

व्रेनी त्रेपन्न वर्षांची, एकटीच शेत बघणारी. रेघ कसली, हे तिला कुणी सांगायला नको होतं. नदीचं गढूळ पाणी पाटांनी कुरणांवर सोडायचं, हीच या गावची शेती होती. पाट बुजवला तरी पोटातला गाळ ओल धरून राहतो, आणि कोरड्या साली त्याच्यावरचं गवत तेवढं हिरवं दिसतं. तिने खाली उतरून हद्दीच्या आजच्या पाटापासून त्या रेघेपर्यंत पावलं मोजली. बारा भरली.

तिची आई, एल्सबेथ, बाराच म्हणायची.

व्रेनी अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बाप हान्सउली दरवर्षीच्या सक्तीच्या सैनिकी सरावाला तीन आठवडे गेला होता. तेवढ्यात नोल्डीने हद्दीचा पाट बुजवला आणि बारा पावलं यांच्या कुरणात सरकून नवा खणला. नोल्डी गावचा पाटकरी. कुणाची पाणपाळी कधी, पाणी अडवणारी फळी किती उचलायची, कुठला पाट कुणाचा, हे तोच ठरवायचा. तो म्हणाला, पाट पहिल्यापासून इथेच आहे, मी फक्त साफ केला. बाप परतल्यावर म्हणाला, मला तर काही फरक दिसत नाही. आई घरोघर जाऊन सांगत राहिली. कुणी ऐकेना, तेव्हा ती रोज फावडं घेऊन नवा पाट बुजवायला लागली. पाणी भलतीकडे पसरलं, लोकांचं गवत कुजलं. शेवटी ग्रामसभेने डॉक्टर आणला आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं. सहा वर्षांनी ती तिथेच मेली.

नोल्डी आता एकोणऐंशी वर्षांचा होता. व्रेनी गेली तेव्हा तो अंगणात बसून आलुबुखारातल्या बिया काढत होता.

"नोल्डीकाका, जुना पाट वर आलाय."

"कुठला पाट?"

"तुम्ही पुरलेला. टेकाडावर चला, दाखवते."

"या उन्हात? सांडपाण्याचा नळ गेलाय तिथनं. त्याची ओल असेल."

"नळाला दोन्ही बाजूंनी बांध असतात होय? मी हात लावून बघितलंय."

त्याने सुरी खाली ठेवली. "काय पाहिजे तुला?"

"पुढच्या महिन्यात तुमचा सत्कार आहे. शेवटचा पाटकरी म्हणून तुमच्या नावाचा फलक लागणार. त्या दिवशी मी उठून बोलू, की तुम्ही पाट होता तिथे परत नेता?"

"बेआटला सांगतो. मशीनने एका दिवसाचं काम आहे." बेआट त्याचा मुलगा.

"मशीन नाही. फावड्याने नेलात, फावड्यानेच आणा. आणि तुम्हीच."

"पोरी, मी मरेन गं."

"लवकर सुरू करा म्हणजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. व्रेनी बांधावर स्टूल टाकून बसली. जमीन विटेसारखी कडक. फावडं आपटलं की म्हाताऱ्याचे खांदे हलायचे. बेआट धावत आला, बापाच्या हातातलं फावडं ओढू लागला. "हा काय पोरखेळ लावलाय, व्रेनी?" नोल्डीनेच त्याला हाकललं. "तू घरी जा. मला विचारू नकोस."

रस्त्याने जाणारे सायकली थांबवून बघायचे.

"नोल्डी, खजिना पुरलाय का रे?"

"जुना पाट मोकळा करतोय," तो धापा टाकत म्हणायचा.

"वा! या वयात! याला म्हणतात पाटकरी!"

संध्याकाळी व्रेनी त्याच्यासमोर खणलेल्या पाटाची लांबी पावलांनी मोजायची आणि मोठ्याने सांगायची. पहिल्या दिवशी नऊ झाली. दुसऱ्या दिवशी एकोणीस.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो खणलेल्या कडेवर बसला. तोंड लाल झालं होतं. त्याने पाणी मागितलं. व्रेनीने बाटली स्वतःजवळच ठेवली.

"एक सांगतो," तो म्हणाला. "तुझ्या बापाला माहीत होतं."

"खोटं बोलू नका."

"सरावाहून आल्या संध्याकाळीच तो माझ्याकडे आला. मारायलाच आला होता. मी म्हटलं, शनिवारची पाळी तुला देतो. अख्खा दिवस पाणी. तो बसला, विचार केला, आणि हो म्हणाला. तुमच्या घरी सहाच्या नऊ गाई कशा झाल्या, तुला वाटतं?"

शनिवारी बापाबरोबर व्रेनी स्वतः पाण्याची दारं धरायला जायची. फळी उचलली की पाणी गवतात कसं पसरतं, ते बाप तिला हौसेने दाखवायचा.

"आणि इस्पितळाच्या कागदावर सही त्याची आहे," नोल्डी म्हणाला. "नवऱ्याच्या सहीशिवाय नेता येत नव्हतं. मी फक्त पाट हलवला."

बापाच्या शेवटच्या दुखण्यात दोन वर्षं तिने त्याचं हगणं-मुतणं काढलं होतं.

"उठा," ती म्हणाली. "अजून ऊन आहे."

तो उठला. चार-पाच वेळा फावडं मारलं, मग उजवा हात सुटला आणि तो हळूच एका कुशीवर पाटात लवंडला. तोंड वाकडं झालं होतं. डोळे उघडे होते, तिच्याकडेच लागलेले. व्रेनी उठली. कडेकडेने चालत तिने आधी पावलं मोजली. सव्वीस होती. तिने त्याच्या अंगावर वाकून तो आकडा सांगितला. मग ती चालतच बेआटला बोलवायला गेली.

नोल्डी जगला, पण वाचा गेली. सत्काराला त्याला चाकाच्या खुर्चीत आणलं. तोवर पाऊस होऊन सगळी कुरणं सारखीच हिरवी झाली होती. सरपंच म्हणाला, या माणसाने जुना पाट वाचवताना प्राण पणाला लावले. टाळ्या पडल्या. व्रेनी उठली आणि तिने सगळं सांगितलं. आईचं, बारा पावलांचं, शनिवारच्या पाळीचंसुद्धा. लोक बुटांकडे बघत राहिले. कुणीतरी खोकलं. सरपंच म्हणाला, "चला, कॉफी निवतेय."

नोल्डीच्या ओठांतून लाळ गळत होती. सुनेने ती पुसली आणि त्याच्या मांडीवर फुलं ठेवली.

पुढच्या वसंतात दफनभूमीचा माणूस व्रेनीच्या दारात आला. हान्सउलीच्या कबरीला पंचवीस वर्षं भरत आली होती. नियमाप्रमाणे ती आता दुसऱ्या कुणासाठी मोकळी करायची होती. "मुदत वाढवून मिळते," तो म्हणाला. "अर्ज करायचाय का?"

"नाही."

"कबरीवरचा दगड तरी नेताय ना? पुष्कळ लोक बागेत ठेवतात."

"फोडून टाका," व्रेनी म्हणाली, आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर सही केली.