पडद्यावरचा पास्टर

"पास्टर, हात जरा खाली. चेहरा झाकला जातोय," कॅमेरामन म्हणाला.

पास्टरने तळवा खाली घेतला, कपाळावरचा घाम टिपला आणि पुन्हा आवाज चढवला. "घरी बसलेल्या माझ्या बहिणी, टीव्हीवर हात ठेव! येशूच्या नावात ती गाठ..." आणि जीभ अडखळली.

"काय झालं? मस्त रंगलं होतं की!"

"गाठ नको. गुडघा म्हणतो."

मग गुडघा बरा झाला. पास्टरने कोट बदलला आणि पुढच्या रविवारचं बोलायला उभा राहिला. महिन्याभराचे कार्यक्रम एका दिवसात उरकायचे, म्हणून स्टुडिओत त्याचे कोट लग्नघरातल्यासारखे टांगलेले असत. एकेकाळी तो बस-कंडक्टर होता. शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज तिथलाच. मंडळीतल्या म्हाताऱ्या म्हणत, ह्याने नुसतं 'हालेलुया' म्हटलं तरी दुखणं निम्मं पळतं.

बायकोच्या छातीत गाठ निघाली तेव्हापासून मात्र त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. चांगला सर्जन शोधला, खोली मिळवली, रक्ताची सोय केली, लेकीला सासरहून बोलावून घेतलं. सारी मंडळी घरी येऊन प्रार्थना करून गेली, तेव्हा ह्याने कोपऱ्यातून सगळ्यात मोठ्याने 'आमेन' म्हटलं. फक्त स्वतःचा हात तिच्या डोक्यावर ठेवला नाही. आपण हात ठेवला आणि गाठ तशीच राहिली, तर पडद्यावर कोणत्या तोंडाने उभं राहायचं? बायकोच्या आधी आपल्याला पडदा आठवला, ह्याची त्याला मनापासून लाज वाटायची. लाज वाटली की तो आणखी एखादं काम काढून बाहेर पडायचा.

ऑपरेशन सोमवारी होतं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी तो उपासनेला निघायच्या घाईत मोजे शोधत बाहेरच्या खोलीत आला. टीव्हीवर तोच होता. कार्यक्रम गाठ सापडायच्या आधी रेकॉर्ड केलेला, त्यामुळे तो पास्टर बेधडक होता. "गाठ असो, कॅन्सर असो, टीव्हीवर हात ठेव!" तो गरजत होता. आणि बायको टीव्हीपुढे उभी राहून त्याच्या तळव्यावर आपला तळवा टेकवून होती.

"अगं, हे काय?"

तिने वळूनही पाहिलं नाही. "तुम्ही घरी सापडता कुठे? हा निदान रविवारी तरी असतो."

"मी इथे उभा आहे ना!"

"तुम्ही उभे आहात. तो प्रार्थना करतोय."

आतून लेक ओरडली, "पप्पा, चर्चमधून फोन आलाय! गाणी सुरू झालीत, विचारतायत कुठे आहात."

हातातला एकुलता एक मोजा त्याने खुर्चीवर टाकला.

"मला धीर होत नाही गं," तो म्हणाला. शेवटच्या सीटपर्यंत जाणारा आवाज तिच्यापर्यंत जेमतेम पोचला. "माझ्या हाताने नाही बरं वाटलं तर?"

आता ती वळली. "बरं करा म्हणून कोण मागे लागलंय? त्यासाठी डॉक्टर आहेत, देव आहे. मला भीती वाटतेय हो. रात्र रात्र डोळा लागत नाही, आणि तुम्ही शेजारी झोपल्याचं सोंग घेता."

तो पुढे झाला आणि तिच्या डोक्यावर टेकवल्या न टेकवल्यासारखा हात ठेवला. भांगाजवळ केस किती विरळ झाले होते, हे त्याला माहीतच नव्हतं. हजारो लोकांसाठी धबधब्यासारख्या येणाऱ्या शब्दांपैकी आज एकही आला नाही. पडद्यावरच्या पास्टरने 'आमेन' म्हणून निरोप घेतला आणि साबणाची जाहिरात लागली.

तिने डोळे मिटले होते.

"असा उचलून नका धरू," ती म्हणाली. "नीट टेकवा."

त्याने हात टेकवला.