उभ्या बाटल्या

हिल्डेने लोकरीचा मोजा बाटलीवर चढवला, तो मध्येच अडकला, तसा तिने असा हिसका दिला की विल्फ्रिडने पुढे होऊन बाटलीची मान धरली.

"जरा दमानं घे. काच आहे."

"काच आहे हे तू मला सांगतोस?" ती म्हणाली. "चौदा वर्षं बाबांच्या तळघरात ह्याच काचा धुतल्यात मी."

विल्फ्रिडने बाटलीची मान सोडली. त्याची सगळी नोकरी विमानतळावर बॅगा चढवण्याउतरवण्यात गेली होती, त्यामुळे बॅग कशी आपटते आणि बाटली कुठे फुटते हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. बुचावर आणि त्यावरच्या तारेवर आधी पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं, मग जाड मोजा, मग फुग्यांचं प्लास्टिक, मग गाठ मारलेली पिशवी. आणि हे सगळं बॅगेच्या बरोबर मध्यात, चारी बाजूंनी स्वेटर, कडेला टेकता कामा नये. हे त्याने सकाळपासून दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा बायकोची बोलणी खाल्ली होती.

राग त्याच्यावर नव्हताच. राग योरिसवर होता. हिल्डेचा हा धाकटा भाऊ कॅनडाला जाऊन तेवीस वर्षं झाली. रविवारी त्याचा फोन आला, साठाव्या वाढदिवसाला ये म्हणून. आणि येताना बाबांनी स्वतः मुरवलेल्या बिअरच्या, माझ्यासाठी ठेवलेल्या त्या तीन बाटल्या तेवढ्या आण. मित्रांना सांगून ठेवलंय, असली बिअर इथे कुणी बापजन्मात चाखली नसेल. वाढदिवसाला सगळ्यांसमोर फोडू. फेब्रुवारीत बाबा गेले तेव्हा ह्याला बर्फामुळे विमान मिळालं नाही. पुढच्या आठवड्यात बर्फ नव्हता, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नव्हता. त्याबद्दल फोनवर अवाक्षर नाही.

आणि बाबांनी तरी काय केलं? चौदा वर्षं हिल्डेने त्यांची पिंपं घासली, एक वर्षाची, दोन वर्षांची, तीन वर्षांची बिअर त्यांच्या जिभेच्या हुकमाने मिसळली, बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. गुडघे गेल्यावर त्यांना अंघोळ घातली. इस्पितळात शेवटी शुद्धीवर आले तेव्हा म्हणाले काय, तर जिन्याखालच्या कपाटातल्या तीन योरिसच्या. बस. ह्यातली एक तरी तुझी, असं नाही. त्या दिवसापासून तिच्या पोटात निखारा होता, आणि भावाच्या फोनने त्यावर तेल पडलं.

"दुसरी आधी पूस," विल्फ्रिड म्हणाला. "किती धूळ आहे बघ. तुझ्या चांगल्या स्वेटरला लागेल."

तिने ओलं फडकं घेतलं. ते कपाट बाबांच्या हयातीत दुसऱ्या कुणी उघडलं नव्हतं. किल्ली त्यांच्या कमरेला असायची. आज सकाळी विल्फ्रिडच बाटल्या काढून घेऊन आला होता. तिने बुचापासून पुसायला सुरुवात केली. बुचावर धुळीचा थर, मानेवर थर, खांद्यांवर तर बोटभर. तिने बाटली फिरवली. पोट मात्र जवळजवळ स्वच्छ होतं.

ती थांबली. मग फडकं खाली ठेवलं.

बाबांच्या तळघरात बाटली जन्मभर आडवी निजायची, म्हणजे बूच ओलं राहतं. वरच्या अंगाला ते स्वतः चुन्याचा पांढरा पट्टा ओढायचे, हलवाहलवीत बाटली उलटीपालटी निजू नये म्हणून. धूळ बसते ती त्या पट्ट्यावर. ह्या बाटलीचा पट्टा काल ओढल्यासारखा लखलखीत होता.

"ह्या कशा होत्या कपाटात?" तिने विचारलं.

"कशा म्हणजे? होत्या फळीवर."

"आडव्या की उभ्या?"

"उभ्या. रांगेत तिन्ही."

हिल्डे बाटली घेऊन खिडकीशी गेली आणि उजेडात धरली. बिअर मानेत वरपर्यंत असायला हवी होती. ती खांद्याच्या खाली उतरली होती. तिने मोजा घातलेली पहिली सोडवली, तिसरी उचलली. दोन्हींचं तसंच. बुचं वाळून आक्रसली होती. आत आता व्हिनेगर होतं, फार तर फार.

विल्फ्रिडच्या लक्षात आलं तेव्हा तो खुर्चीवर बसला. म्हाताऱ्याने असं करणं शक्यच नाही, तो म्हणाला. त्याने स्वतः एकदा तळघरात बाटली उभी ठेवली होती, तर सासऱ्याने चार माणसांत त्याची खरडपट्टी काढली होती. बाटली उभी करायची ती फक्त पाहुणा यायच्या दोन दिवस आधी, म्हणजे गाळ खाली बसतो. आणि उभी केली की परत निजवायची नाही.

"फळीवर काही लिहिलं होतं?" हिल्डेने विचारलं.

बाटली उभी केली की बाबा तिच्या खाली खडूने तारीख टाकायचे. विल्फ्रिडने आठवून पाहिलं. होती तारीख, तो म्हणाला. चौदा सप्टेंबर, दोन हजार पाच.

हिल्डेला तो बुधवार आठवला. शुक्रवारी योरिस यायचा होता, रविवारच्या गावच्या जत्रेसाठी, गेल्यानंतर पहिल्यांदाच. तिने चक्क्याचा केक भाजला होता. गुरुवारी रात्री फोन आला, काम निघालं, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी पण नक्की. एकोणीस जत्रा झाल्या. आणि तिचा हेकट, कडक बाप, जो एका बाटलीसाठी जावयाला बोलायचा, त्याने ह्या तिन्ही उभ्याच ठेवल्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भावावरची, आणि बापावरचीही. मेल्या माणसावर ओरडता येत नाही म्हणून तिने फडकं मोरीत भिरकावलं.

विल्फ्रिडने फडकं उचलून पिळून ठेवलं. मग हळूच म्हणाला, खाली शेकड्यांनी चांगल्या पडल्यात, पट्टेवाल्या, त्याच सालच्या. तीन आणतो, ह्या ओतून टाकू. योरिसला कळणार पण नाही. चार लोकांत त्याची फजिती कशाला?

"त्याला कळायलाच हवं," हिल्डे म्हणाली.

"सांगणार आहेस त्याला?"

"काही सांगणार नाही. मी ओतणार. पाहुणे यायच्या आधी, आम्ही दोघंच असताना. त्याने पेला रिकामा करायचा."

 विल्फ्रिड उठला आणि मागच्या खोलीतून एक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन आला. बाटल्यांच्या शेजारी हेही होतं, तो म्हणाला, सकाळी सांगायचं राहिलं.

आत जाड काचेचे तीन पेले होते. एक मोठ्या बुडाचा, बाबांचा. एक योरिसचा, त्याच्या बारशाला आलेला. तिसऱ्याच्या कडेचा टवका उडाला होता. सात वर्षांची असताना तिने तो पाडला होता, तेव्हापासून घरात सगळे त्याला हिल्डेचा पेला म्हणत. आईने फेकून दिला असं तिला वाटत होतं. तिने टवक्यावरून अंगठा फिरवला, दोनदा. मग तो टेबलावर ठेवला आणि नाक पुसलं.

मग तिने तिन्ही बाटल्या पुन्हा गुंडाळायला घेतल्या. ह्या खेपेला हिसका नाही, घाई नाही. बुचावर प्लास्टिकचे दोनाऐवजी चार वेढे दिले. विल्फ्रिड गाठी मारत गेला, ती प्रत्येक गाठ ओढून पाहत गेली. एक थेंब सांडता कामा नये, असं तिने त्याला बजावलं. त्याने आपलं सगळं कसब पणाला लावलं. खराब बिअर इतकी जपून आजवर कुणी बांधली नसेल.

बॅग काट्याला अडकवली तर आठशे ग्रॅम जास्त भरली. हिल्डेने झाकण उघडलं आणि वाढदिवसासाठी घेतलेले नवे बूट बाहेर काढून कपाटावर ठेवले.

"एक पेला राहू दे की," विल्फ्रिड म्हणाला. "तिकडे तुम्ही दोघंच."

 तिने बाबांच्या पेल्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि तो उरलेल्या दोन पेल्यांमध्ये, स्वेटरच्या घडीत ठेवला. विल्फ्रिडने बॅग बंद केली, उचलली आणि कान लावून हलवून पाहिली. आतून काही वाजलं नाही.