अकरा दिवसांचा चेअरमन

मुलुंडला घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेणाऱ्या वसुधाताईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. त्यांचे यजमान नंदकिशोरराव एकेकाळी सोसायटीचे चेअरमन होते, तेही जेमतेम अकरा दिवस; बाराव्या दिवशी सभेने त्यांना हाकललं. आता दारावरच्या नव्या पाटीवर तेच मिरवायचं होतं. पेंटर ब्रश घेऊन तासभर ताटकळला होता.

"अगं, 'एक्स-चेअरमन' बरं दिसेल, 'फॉर्मर', की 'पास्ट'?"

"चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!" ताई फणकारल्या आणि पेंटरकडे वळल्या. "दादा, हे काय होते ते ठरवू देत सावकाश. तुम्ही माझं नाव लिहा. या दाराची बेल माझ्यासाठीच वाजते."