दुधात मळलेली भाकरी

काटा बाभळीचा होता, बारीकसा, टाचेत आडवा घुसलेला... आणि तो दुखत होता. शालूबाईनं उंबऱ्यावर बसून पाय मांडीवर घेतला, बोटानं दाबलं, पुन्हा दाबलं. कळ थेट पोटरीपर्यंत गेली. दुखायचं काय कारण? वर्षभर या पायांना कशाची शुद्ध नव्हती. एकदा उसाच्या पाटातनं घरी निघाली तर एका पायात चप्पलच नव्हती, आणि ते तिला सांगितलं बांधावरच्या बायकांनी. तव्याला लागून बोटाला फोड आला तोही दिसला म्हणून कळला. भाकरी थापणं तेव्हापासून सुटलं. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं. पोटचा पोरगा गेल्यावर बाईचं अंग मुकं पडलं, तर त्यात नवल ते काय?

शिवतेज लोणंदला कंपनीत होता. मोटरसायकलवरून गावाकडे येताना वाटेतच गेला. तेराव्याला पाहुणे जेवून उठले आणि तिनं त्याच्या नावानं दूध सोडलं — दूध, दही, ताक सगळं, चहासुद्धा कोरा. माणूस गेलं की त्याच्या आवडीचं काहीतरी सोडायचं, तिच्या आईनंही सोडलं होतं; पण आईनं सोडलं ते सीताफळ, वर्षातनं चार दिवस आठवणारं. हिनं सोडलं ते रोजचं. म्हशीची धार काढताना पेला घेऊन उभा राहायचा तो, ओठावर फेसाची मिशी, आणि पुसायला पदर पुढं केला की पळायचा... पळायचा...

मटण-अंड्याचा प्रश्नच नव्हता, माळ गळ्यात लग्नाआधीपासूनची. पलूसच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व कमी आहे, हातपाय त्यानंच बधिर झालेत म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं मेथी, शेपू, पोकळा सगळ्यांची नावं घेतली. बाईंनी नीट समजावलं. पालेभाजीत ते नसतंच, कितीही खा. माळकरी माणसाला ते दुधा-दह्यातनंच मिळायचं. आणि शरीर एका वेळी थोडंच शोषून घेतं, तेव्हा तांब्याभर एकदम पिऊन भागत नाही, रोज थोडं थोडं पोटात जायला हवं. सुयाही लिहून दिल्या. तिनं मान हलवली आणि ना सुई घेतली, ना दूध. बरं होऊन जायचं तरी कुठं होतं तिला?

मग आता हा काटा...

चुलीपुढं लालासाहेब, तिचा नवरा, भाकरी थापत होते. लष्करातनं सुभेदार होऊन आलेला गडी परातीपुढं मांडी घालून बसतो म्हणून आळीतल्या बाया पदराआड हसायच्या. सुरुवातीला त्यांची भाकरी एकीकडं कच्ची, एकीकडं करपलेली, दातांची परीक्षाच. पण अलीकडे... अलीकडे कालची भाकरीसुद्धा सकाळी मऊ लागायची. हात बसला, असं तिनं धरलं होतं. तिनं टोपल्यातली शिळी भाकरी ओढली, तुकडा मोडून तोंडात टाकला आणि थबकली. ही चव... महाबळेश्वरला आत्याकडं जाताना आई फडक्यात बांधून द्यायची, दोन दिवस वाळायची नाही — दशमी. पाण्यात नव्हे, दुधात मळलेली.

घास गालात धरूनच तिनं विचारलं, "आवं, पीठ कशात मळताय?"

लालासाहेबांचा हात परातीत थांबला. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"दुधात. दिवाळीपास्नं."

"माझा नेम मोडलासा तुमी."

"व्हय, मोडला." त्यांनी तवा चुलीवरून उतरवला. "पोरगं गेलं, शालू. तू बी पायाकडनं चाललीस. मी कुणाकडं बघून जगू, सांग की."

तिला राग आला, भयंकर आला, पण नवऱ्याचा नव्हे, स्वतःच्या अंगाचा. आपण पुढच्या दाराला कडी घालून दुःख राखत बसलो आणि या अंगानं मागच्या दारानं पोराच्या वाट्याचं दूध रोज थोडं थोडं आत घेतलं, जिरवलं, पायापर्यंत नेऊन पोचवलं. लबाड मेलं! शिवा, मी नाही रे घेतलं... मला ठाऊक नव्हतं... पण मग मघाशी काटा दुखला तेव्हा क्षणभर बरं का वाटलं मला? वाटलं होतं. आता ते नाही कसं म्हणू?

लालासाहेब काटा काढायला सुई घेऊन आले, तिच्यासमोर खाली बसले आणि तिचा पाय त्यांनी हातात घेतला. त्यांच्या बोटांना लागलेलं ओलं पीठ गार आहे, हेही तिला कळलं, आणि कळलं तसे डोळे भरून आले. सुई टोचली. तिनं ओठ घट्ट मिटले. घास अजून तोंडातच होता. थुंकावा की गिळावा, काही ठरत नव्हतं. आणि तोवर तो जिभेवर विरघळून, तिला न विचारता, थोडा थोडा आत चालला होता.