दांड्यावरचा हात

डोंगराच्या पायथ्याशी रस्ता संपायचा. तिथून पुढे सोन्याच्या खाणीची सगळी यंत्रं खेचरांनी आणि माणसांनी वर चढवली. खाणीत उतरायची खोल विहीर खणून झाली, तेव्हा कंपनीने दोराला टांगलेला माणसांचा पाळणा विंचेच्या यंत्राने खाली-वर करायला एका विंचवाल्याला ठेवलं. यंत्र जुनं होतं. ब्रेकच्या दांड्यावरचा हात सुटला की पाळणा खाली कोसळणार.

विंचवाल्याचा मेहुणा त्याच डोंगरात आधीपासून हाताने बिळं पाडून सोनं काढायचा. कंपनीने ती बिळं सुरुंग लावून बुजवली. एकात मेहुण्याचा जोडीदार होता. आत कोणी नव्हतं, असं कंपनीच्या साहेबांनी सांगून टाकलं.

खाण सुरू झाली त्या दिवशी पहिल्या पाळीचे सहा जण वर येत होते. तेवढ्यात मेहुणा पहार घेऊन यंत्राच्या खोलीत घुसला.

"दाजी, बाजूला व्हा. हे फोडायचंय."

"पाळण्यात माणसं आहेत. वर येऊ दे, मग खुशाल फोड."

"आमचा माणूस आत होता, तेव्हा कोण थांबलं?"

पहिला घाव खांद्यावर बसला. विंचवाला हलला नाही. दुसऱ्या घावाने डाव्या हाताची बोटं चिरडली, तेव्हा त्याने दांडा कोपराच्या बेचक्यात धरला. तिसरा तोंडावर आला, दात घशात गेले. मेहुणा मारत होता आणि रडतही होता.

"सोडा ना दाजी. का मार खाताय?"

पाळणा वर आला. विंचवाल्याने खिट्टी अडकवली आणि तो खाली बसला.

सहा जणांनी रक्त पाहिलं, पहार पाहिली. कोणी काही विचारलं नाही. हातातल्या लोखंडी कांबींनी त्यांनी मेहुण्याला कोपऱ्यात घेतलं. बायकोचा भाऊ आहे, सोडा त्याला, असं विंचवाला ओरडत होता, पण फुटलेल्या तोंडातून शब्दच निघेना. मेहुणा निपचित पडल्यावरही दोघं थांबले नाहीत.

घरी बायकोने त्याचा हात धुतला, पट्टी बांधली.

"सहा जणांना वर आणलंत?"

त्याने मान डोलावली.

"आणि त्याला?"

ती उठली, चपला घातल्या आणि भावाला आणायला एकटीच निघाली. तो मागोमाग गेला. भावाचं प्रेत माहेरी आणलं, तेव्हा दारात सासूने त्याला अडवलं.

"तुमचा खांदा नको आम्हाला," ती म्हणाली.

तिरडी गेली. तो रस्त्याकडेला उभा राहिला. बायकोने मागे वळून पाहिलं नाही, आणि नंतरही ती परत आली नाही.